कुलीन कोणाला म्हणावे?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शिवडीतील आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात एका रविवारी संध्याकाळी ‘दिशा’ हा १९९० सालचा हिंदी चित्रपट दाखविण्यात आला. पुढच्या रांगांत गिरणीतून निवृत्त झालेले आजोबा बसले होते, त्यांच्यामागे त्यांची मुले-सुना आणि सर्वांत मागे, बटाटेवड्यांचा वास घेत, नातवंडे. दुष्काळी गावातून मुंबईला आलेले दोन शेतकरी, गिरणीतील बदलीचे काम, पुरुषांनी खच्चून भरलेला गाळा, भिंतीशी रचलेल्या ट्रंका, पाळीपाळीने घेतलेली झोप. पडद्यावर हे सारे सरकत असताना पुढच्या रांगेतून मधूनमधून एखादा हुंकार ऐकू येत होता. ज्यांनी ते दिवस काढले होते त्यांची ती पोच होती.

चित्रपटानंतर चर्चा झाली, आणि चर्चेत दोन मते मांडली गेली. आमच्याच आळीतील एक सुशिक्षित तरुण उठून म्हणाला, “ज्या बाईंचे आजोबा ‘सर’, वडील रशियन सेनापतीचे चिरंजीव, त्या बाईंना गिरणगावातल्या गाळ्याचे दुःख काय कळणार? हे वरून पाहिलेले दुःख आहे.” टाळ्या पडल्या. त्यानंतर जाहिरातीच्या व्यवसायात चांगले नाव कमावलेले एक गृहस्थ उठले. “ते काही असो,” ते म्हणाले, “असले काही आज दूरचित्रवाणीवर दाखवले तर कोण पाहील? लोकांना बंगले, दागिने आणि सासू-सुनांची भांडणेच हवी असतात. वाहिन्या बिचाऱ्या लोकांना हवे तेच देतात.” ह्यांनाही टाळ्या पडल्या, आणि बहुतेक त्याच हातांच्या.

वाचकहो, प्रस्तुत लेखक त्या दिवशी गप्प बसला. ह्या लेखाने ते गप्प बसणे भरून काढावयाचे आहे. ही दोन मते वरवर परस्परविरोधी दिसतात. एक गरिबाच्या अभिमानाने बोलते, दुसरे बाजाराच्या शहाणपणाने. परंतु दोन्ही मान्य केली तर निष्पन्न एकच होते: शिवडीच्या चाळीतील माणूस पडद्यावर दिसत नाही. पहिल्या मताप्रमाणे ज्याला दाखविण्याची ऐपत आहे त्याला तो अधिकार नाही, आणि दुसऱ्या मताप्रमाणे ज्याला अधिकार आहे त्याला गिऱ्हाईक नाही. ही दोन्ही मते चुकीची आहेत असे माझे स्पष्ट म्हणणे आहे, आणि ज्या बाईंवर आक्षेप घेतला गेला त्या सई परांजपे ह्यांचे आयुष्यच त्याचा पुरावा आहे.

प्रथम त्या तरुणाच्या म्हणण्यात जे खरे आहे ते निखळपणे मान्य करू. सई परांजपे ह्यांचा जन्म १९ मार्च १९३८ रोजी लखनौला झाला. महाराष्ट्रात ज्याला कुलीन म्हणावे असे ते घर. आजोबा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, दापोली तालुक्यातील मुर्डीचे. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सीनियर रँग्लर ठरलेले ते पहिले भारतीय. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इंग्रज सरकारने त्यांना ‘सर’ केले आणि १९४४ साली ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त म्हणून पाठविले. आई शकुंतला परांजपे ह्या लेखिका, समाजकार्यकर्त्या, प्रभातच्या १९३७ सालच्या ‘कुंकू’ ह्या चित्रपटातील अभिनेत्री आणि १९६४ पासून राज्यसभेच्या नियुक्त सदस्य. त्यांनी आयुष्यभर संततिनियमनाचा प्रचार केला. त्या बाबतीत आपल्यापैकी अनेकांचा त्यांच्याशी मतभेद असेल, तसाच रँग्लरांच्या नास्तिक बुद्धिवादाशीही असेल. तो मतभेद जागच्या जागी ठेवूनही त्या घरातील विद्या आणि निःस्पृहता नाकारता येत नाही. वडील युरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार, एका सेनापतीचे पुत्र. सईंच्या जन्मानंतर थोड्याच काळात आई-वडील विभक्त झाले आणि मूल आजोबांच्या घरी वाढले. काही बालपण पुण्यात गेले, काही ऑस्ट्रेलियात. आठव्या वर्षी ‘मुलांचा मेवा’ हे तिच्या परीकथांचे पुस्तक छापून निघाले.

तेव्हा हे मूल सोन्याचा नसला तरी चांदीचा चमचा तोंडात घेऊन जन्मले होते, ह्याबद्दल वाद नाही. प्रश्न असा आहे की ह्या मुलीने त्या चमच्याचे पुढे काय केले?

अशा घरातील मुलीला दोन सोयीचे रस्ते होते. एक विलायतेचा आणि दुसरा दिवाणखान्याचा. सईबाईंनी तिसराच धरला. पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर त्या निवेदिका झाल्या, तेथे मुलांचे कार्यक्रम केले. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९६३ साली पदवी घेतली आणि पुढे दिल्ली दूरदर्शनवर निर्माती म्हणून काम केले. येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. चित्रपटाचा निर्माता म्हणजे पैसा घालणारा. दूरदर्शनचा निर्माता म्हणजे पगारदार कारागीर. कार्यक्रम सुचविणे, संहिता लिहिणे किंवा लिहवून घेणे, कलावंत जमविणे, मिळालेल्या वेळात स्टुडिओतील काम उरकणे आणि हे सर्व सरकारी खात्याच्या तुटपुंज्या तजविजीत बसविणे, हे त्याचे काम. तेथे खानदान फारसे उपयोगी पडत नाही. घड्याळ आणि कागद हीच तेथली सत्ता. त्या कामातून ‘द लिटल टी शॉप’ ही दूरचित्रवाणीसाठी केलेली फिल्म झाली, आणि तिला १९७२ साली तेहरान येथे एशियन ब्रॉडकास्टिंग युनियनचे पारितोषिक मिळाले. विषय पाहा: चहाचे लहानसे दुकान. सेनापतीच्या नातीला राजवाडा सुचला नाही, चहाची टपरी सुचली.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती सईबाईंकडे सोपविण्यात आली. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या त्या काळ्या-पांढऱ्या चित्रांची आठवण आमच्या पिढीला पुसता येणार नाही. सबंध मजल्यात एखादाच संच असे. ज्याच्या घरी तो असे त्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग साचे, आणि ज्यांना आत जागा मिळत नसे ते गॅलरीतून खिडकीच्या गजांत तोंड घालून पाहत. रोझरी लवकर आटोपा, असा मुलांचा आग्रह घरोघरी सुरू झाला तो तेव्हापासून. आयांनी तक्रार केली, पण त्याही पदर सावरून बाकावर टेकल्याच.

सईबाईंनी पुढील वीस वर्षांत काय दाखविले ते क्रमाने पाहू, कारण आक्षेपाला उत्तर कामानेच द्यावयाचे असते. बाल चित्र समितीचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा सांभाळले आणि मुलांसाठी ‘जादू का शंख’ व ‘सिकंदर’ हे चित्रपट केले. १९८० साली ‘स्पर्श’ पूर्ण झाला. नायक आंधळ्या मुलांच्या शाळेचा आंधळा मुख्याध्यापक. ही व्यक्तिरेखा दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेतील एका प्रत्यक्ष मुख्याध्यापकांवरून बेतलेली होती आणि चित्रणही बव्हंशी त्याच संस्थेत झाले. आपल्या चित्रपटांतील आंधळा हा तोवर एक तर भजन म्हणणारा भिकारी असे किंवा शेवटच्या रिळात दृष्टी परत मिळविणारी आई. ‘स्पर्श’मधील अनिरुद्धाला कीव नको आहे, मदतसुद्धा नको आहे. ‘बिचारा’ ह्या शब्दाची त्याला चीड आहे. ही चीड लेखिकेला पुण्याच्या बंगल्यात सापडणे शक्य नव्हते. ती शाळेत जाऊन, बसून, ऐकून घेतल्यावाचून लिहिता येत नाही. ह्या चित्रपटाच्या पटकथेसाठी सईबाईंना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. तयार झालेला चित्रपट मात्र जवळजवळ चार वर्षे डबाबंद राहिला, हेही लक्षात ठेवावे. खानदानाची चिठ्ठी वितरकाच्या दारी चालली नाही.

पुढे १९८१ साली ‘चश्मे बद्दूर’ आला: एका भाड्याच्या खोलीत राहणारे तीन विद्यार्थी, तोकडे पैसे आणि भरपूर थापा. नंतर ‘ससा आणि कासव’ ह्या मराठी नाटकावरून ‘कथा’ केला. हा मुंबईच्या चाळीचा चित्रपट. साधा, मान खाली घालून चालणारा कारकून राजाराम आणि बोलघेवडा, फसवा बाशू. ह्या चाळीत कोणी देव नाही, कोणी दैत्यही नाही. बाशूला लोक फसतात, कारण गोड बोलणाऱ्याला फसण्याची त्यांना हौस आहे. आपल्या चाळीत असा बाशू येऊन गेला नाही असे छातीवर हात ठेवून म्हणणारे कुटुंब पुढे यावे! १९८४ साली ‘अडोस पडोस’ आणि १९८५ साली ‘छोटे बडे’ ह्या मालिका दूरदर्शनवर आल्या. शेजार, मुले, म्हातारी माणसे, जिन्यावरची कुरबुर, हाच त्यांचा ऐवज होता. मराठी रंगभूमीसाठी त्यांनी लिहिलेल्या एका नाटकाचे नावच ‘सख्खे शेजारी’ आहे.

आणि मग ‘दिशा’. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचे संसार विस्कटले होते. गिरण्यांची धुराडी थंड पडू लागली, तसतसा चित्रपटांनी गिरणगावाकडे पाहण्याचा सोडून दिला, फक्त तेथील गुंडांची चित्रे रंगवावयाची तेवढी ठेविली. अशा वेळी सईबाईंनी गाळ्यातील माणसांवर चित्रपट केला. नाना पाटेकर, रघुवीर यादव, शबाना आझमी, ओम पुरी, निळू फुले ही मंडळी त्यात होती. गाण्या-बजावण्याचा धंदेवाईक मसाला त्यात नव्हता. आमच्या सभागृहात आजोबांच्या रांगेतून जे हुंकार निघाले ते ह्या चित्रपटाला मिळालेले प्रशस्तिपत्रकच होय. त्या तरुणाने टाळ्यांकडे लक्ष दिले, हुंकारांकडे दिले नाही.

आता त्याच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. ज्याने भोगले त्यानेच लिहावे, असे तो म्हणतो. ज्याने भोगले त्याने लिहिले तर त्याला तोड नाही, हे मलाही मान्य आहे. नारायण सुर्वे आणि अण्णा भाऊ साठे ह्याच गिरणगावात घडले, आणि त्यांच्या शब्दाला जे वजन आहे ते बाहेरच्या कोणाच्या शब्दाला येणार नाही. परंतु ह्या गोष्टीचा असा उलटा अर्थ काढता येत नाही की दुसऱ्या कोणी लिहूच नये. आठ तास सांच्याजवळ उभे राहून आलेल्या माणसाला लिहिण्यासाठी ना दिवा होता, ना कोपरा. त्याच्या हातून लेखन होईपर्यंत सर्वांनी डोळे मिटून बसावे, असे म्हणणे दिसायला त्याच्या अभिमानाचे आहे. प्रत्यक्षात त्याने सोय होते ती सुखवस्तू माणसाची. “आमचा तो अनुभव नाही” एवढे म्हटले की त्याची सुटका झाली. त्याला गाळ्यात जावयास नको, वास सहन करावयास नको, प्रश्न विचारावयास नको. वर नम्र म्हणून नावलौकिक मिळतो तो वेगळाच.

आणि आपण तरी हा मुद्दा कोणत्या तोंडाने मांडतो? आपल्या समाजाच्या मराठी वाङ्मयाचा आरंभ कोणी केला? फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने. १५७९ साली गोव्यास आलेला हा परका माणूस येथल्या लोकांत राहून त्यांची भाषा शिकला आणि १६१६ साली त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध केले. त्याला कोणी जन्माचा दाखला विचारला असता तर आपण त्या ग्रंथाला मुकलो असतो. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर १९८० सालचा ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ हा चित्रपट घ्या. मुंबईतील एक गोवेकर कॅथलिक मोटार मेकॅनिक, त्याचा गिरणी कामगार बाप, त्या घरातील संपाची झळ. हे लिहून दाखविले सईद मिर्झा ह्यांनी. ते ना कॅथलिक, ना मेकॅनिक. उलट ‘बॉबी’तला जॅक ब्रॅगान्झा, अमिताभचा अँथनी, खलनायकाच्या हाताखालचे असंख्य रॉबर्ट आणि मोना आपल्याला पडद्यावर वर्षानुवर्षे भेटत राहिले. ख्रिस्ती म्हणजे बाटली, बंदर, तोकडा झगा आणि मोडके हिंदी. मराठी बोलणारा, मराठीत प्रार्थना म्हणणारा, गोदीत किंवा महापालिकेत इमानाने नोकरी करणारा ख्रिस्ती माणूस जणू ह्या शहरात जन्मलाच नाही. अल्बर्ट पिंटो आणि ही बाहुली ह्यांच्यातील फरक लेखकाच्या जन्माचा नाही. दोन्ही बाहेरच्यांनीच रचली. एकाने जाऊन पाहिले, दुसऱ्याने पाहिले नाही. फरक एवढाच आहे आणि तेवढा पुरेसा आहे.

आता जाहिरातवाल्या गृहस्थांचा मुद्दा. लोकांना हेच हवे असते, असे ते म्हणतात. त्यांच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी बोलतो. सईबाईंच्या काळी दूरदर्शनला स्पर्धा नव्हती. एकच वाहिनी होती, ती सरकारची होती, सत्ताधाऱ्यांची आरती ओवाळण्यात तिचा बराच वेळ जाई, आणि लोक शेजारच्या घरी बसून जे लागेल ते पाहत. शेतीविषयक कार्यक्रमही आम्ही चवीने पाहिले, कारण दुसरे काही नव्हतेच. तेव्हा त्या काळच्या लोकप्रियतेवरून फार मोठे अनुमान काढू नये, हे मी मान्य करतो.

परंतु मग आजच्या लोकप्रियतेवरून तरी का काढावे? २००० सालापासून वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या मालिकांची जी रीघ लागली तीत प्रेक्षकाला निवड होती असे म्हणतात. दहा वाहिन्यांवर दहा बंगले, ही निवड नव्हे. बाजारातल्या दहाही दुकानांत एकच भाजी असेल तर गिऱ्हाइकाला तीच आवडते असा निष्कर्ष फक्त भाजीवालाच काढील. आणि एक साक्ष पाहा. ५ एप्रिल २०१३ रोजी ‘चश्मे बद्दूर’ची नवी, झगमगीत आवृत्ती प्रदर्शित झाली. त्याच दिवशी जुना, १९८१ सालचा चित्रपटही दुरुस्त करून पुन्हा चित्रपटगृहांत लागला. बत्तीस वर्षांपूर्वीची एक साधी गोष्ट, जिच्यात मारामारी नाही की महाल नाही, ती तिकीट काढून पाहण्याजोगी आहे असे वितरकांनाच वाटले. लोकांना हेच हवे असते हा नियम त्या दिवशी कोठे गेला होता?

ह्याच संदर्भात आमच्या शेजारच्या एका मुलाचा अनुभव सांगतो. त्याने एका मालिकेची कल्पना पाच पानांत लिहून एका वाहिनीच्या कार्यालयात नेली. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात आया म्हणून काम करणारी आई, गोदीतून निवृत्त झालेला बाप, दोन बहिणी, एक खोली. पाने वाचणाऱ्याने ती चाळून परत दिली आणि म्हणाला, “लिहिलंय चांगलं, पण हे घर फार लहान आहे. कॅमेरा फिरणार कुठे?” मुलगा हसत हसत सांगत होता, पण त्याचे डोळे हसत नव्हते. ज्या खोलीत सात माणसे फिरली, जेवली, निजली, आजारी पडली आणि बरी झाली, त्या खोलीत एक कॅमेरा मावत नाही! तो नकार माझ्या मते तंत्राचा नव्हता. ती नजरच तोकडी होती. राजारामाच्या चाळीत सईबाईंचा कॅमेरा मजेत फिरला होता. फिरवणाऱ्याला तेथे काही पाहण्यासारखे आहे असे वाटावे लागते.

येथवर जे लिहिले त्याने त्या दोघा वक्त्यांचे समाधान होवो वा न होवो. मला खरे बोलावयाचे आहे ते आपल्याशी, म्हणजे ह्या त्रैमासिकाच्या वाचकांशी.

कुलीन कोण, हा प्रश्न आपण नेहमी दुसऱ्याकडे बोट दाखवून विचारतो. जरा आरशात पाहू या. आपले आजोबा कोकणातून, वसईहून, घाटावरून, गोव्याहून पत्र्याची पेटी घेऊन आले. कोणी गिरणीत लागले, कोणी गोदीत, कोणी कापसाच्या वखारीत. गोवेकरांनी गावाच्या नावाने चालविलेल्या कुडांत राहून दिवस काढले. तेथेही भिंतीशी पेट्या रचलेल्या, एका बाजूला आल्तार आणि मिणमिणता दिवा. ‘दिशा’तला गाळा आणि आपले कूड ह्यांत अंतर असले तर त्या दिव्याएवढेच आहे. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविले. ती मुले बँकांत, शाळांत, इस्पितळांत गेली. नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकली, मिरा रोड आणि बोरिवलीस गेली, आखाती देशांत आणि कॅनडात गेली. आनंदाची गोष्ट आहे, कोणाच्या पोटात दुखू नये. परंतु आज आपणच शिवडीच्या मानाने रँग्लरांचे वारस आहोत. आपल्यापाशी विद्या आहे, फावला वेळ आहे, खिशात छायाचित्रे टिपणारा दूरध्वनी आहे. आता आपल्यालाच विचारले पाहिजे: आपण त्या चमच्याचे काय केले?

आपण तक्रार केली. पडद्यावरच्या अँथनीने आपली नाचक्की होते अशी पत्रे लिहिली, सभा घेतल्या, निषेधाचे ठराव केले. ठरावाच्या विरुद्ध मी नाही. पण त्या अँथनीच्या जागी उभा करावयाला खरा माणूस आपण लिहून दिला का? शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत १८६५ सालापासून माणसे निजली आहेत. दर नोव्हेंबरमध्ये आपण तेथे मेणबत्त्या आणि शेवंतीची फुले घेऊन जातो. दगडावर नाव असते, दोन तारखा असतात. त्या दोन तारखांच्या मध्ये काय घडले हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? संपाच्या वर्षी आजीने घर कसे चालविले, मंगळसूत्राऐवजी गळ्यातला क्रूस कोणत्या सावकाराकडे गेला, शेजारच्या मराठा बाईने पीठ उसने दिले ते परत कसे घेतले नाही, हे आपण लिहून ठेवले आहे का? आजी गेली की हे सारे गेले. त्यानंतर ती गोष्ट सांगावयाला कोणी परका येईल. मग तो सईबाईंसारखा कान उघडे ठेवून येईल की बाहुल्या विकणारा येईल, हे आपल्या हाती राहणार नाही.

कोणी म्हणेल, सईबाईंना प्रतिभा होती, आपणास कोठली? मी प्रतिभेचे बोलतच नाही. प्रतिभा देणगी आहे, ती मागून मिळत नाही. मी त्यांच्या सवयीबद्दल बोलतो. ऐकण्याची, जाऊन पाहण्याची आणि लिहून ठेवण्याची सवय. आठव्या वर्षी सुरू झालेले हे लेखन ऐंशी ओलांडल्यावरही थांबले नाही. २०१६ साली त्यांनी ‘सय’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले आणि त्यानंतर ‘इवलेसे रोप’ हे नवे नाटकही रंगभूमीवर आणले. त्यांना २००६ साली पद्मभूषण मिळाले, त्यांच्या आईला १९९१ साली मिळाले होते. पदव्या ह्या घराला नव्या नव्हत्या. परंतु त्या पदव्यांमुळे नव्हे, तर त्यांच्या भाराखाली मान ताठ होऊ न देता शाळेतल्या आंधळ्या मुलांजवळ, चाळीतल्या कारकुनाजवळ आणि गाळ्यातल्या कामगाराजवळ जाऊन बसल्यामुळे मी त्यांना कुलीन म्हणतो. त्यांच्या साऱ्याच कलाकृती सारख्या तोलाच्या नाहीत. काही फसल्या, काही विस्मृतीत गेल्या. पण नजर फिरली नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. त्या तरुणाने पुढच्या वेळी सभेत उठून बोलण्यापूर्वी पुढच्या रांगेतील एका आजोबांशेजारी तीन संध्याकाळी बसावे आणि ऐकलेले लिहून आणावे. जाहिरातवाल्या गृहस्थांनी आपल्या व्यवसायातील वजन वापरून त्या पाच पानांच्या मुलाला एक संधी मिळवून द्यावी. मग लोक पाहतात की नाही ते लोकांनाच ठरवू द्यावे. आणि जे शिवडी सोडून दूर गेले त्यांनी वर्षातून एकदा जत्रेला यावे तसे आपल्या जुन्या मजल्यावर यावे, आणि येताना वही आणावी. शिवडी वेगाने बदलत आहे. जानेवारी २०२४ पासून येथून न्हावाशेवाकडे जाणारा अटल सेतू खुला झाला आहे, आणि त्या पुलावरून जाणाऱ्या मोटारीला खालची चाळ दिसत नाही.

‘दिशा’मध्ये एक माणूस आहे. गावातले सारे मुंबईची वाट धरतात तेव्हा तो गावीच राहून विहीर खणतो. वर्षामागून वर्षे खणतो. लोक त्याला वेडा म्हणतात, आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही. शेवटी पाणी लागते. त्या रविवारी, तो प्रसंग पडद्यावर आला तेव्हा माझ्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ, पस्तीस वर्षे गिरणीत काढलेले, पुटपुटले, “लागलं रे बाबा, लागलं.” जणू विहीर त्यांच्याच अंगणात होती. ज्या बाईंना आमच्या दुःखाचे काय कळणार असे आम्ही पंधरा मिनिटांनी विचारणार होतो, त्यांनी ह्या माणसाला त्याचे स्वतःचे पाणी दाखविले होते. आम्ही आमच्याच माणसांना आजवर काय दाखविले?